आर्वी ते अल्लीपूर, आतून न उघडणाऱ्या गाडीतून

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आल्या. आर्वीला यजमानांच्या आत्याबाई, अल्लीपूरला चुलत सासरे. दोन्हीकडे पत्रिका पोस्टाने पाठवली असती तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागलं असतं. घरच्या माणसाने दारात जाऊन अक्षता द्यायला हव्या होत्या. यजमान माधव म्हणाले, एसटीने जाऊन येऊ. मी म्हटलं, मनूला घेऊन मी एसटीत पाय ठेवणार नाही. गाडी करा, नाहीतर एकटे जा.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन वर्ध्याला आले. माधव तिथल्या एका कॉलेजात शिकवायचे. हा ब्लॉग वाचणारे हल्ली विचारतात की लहान मुलांना घेऊन गाडीने वर्धा जिल्हा फिरायचा तर कसा फिरावा. रस्त्यांचं आणि खाण्याचं सांगतेच. पण आधी मनूचं सांगायला हवं, कारण त्या दोन दिवसांत खरा प्रवास तिच्याभोवतीच झाला.

मनू, आमची मुलगी, तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरात गोड, बोलकी. वाहन सुरू झालं की मात्र तिच्या अंगात काहीतरी शिरायचं. पाठ मागे ताणून ती लाकडाच्या फळीसारखी ताठ व्हायची, मग एकदम अंग सैल सोडून हातातून खाली घसरायची. ओढणीने बांधलं तर गाठ कुठे आहे ते बोटांनी शोधून काढायची. आदल्या दिवाळीत एका ओळखीच्यांच्या जीपमध्ये तिने चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. माझ्या मुठीत तिच्या स्वेटरची मागची बाजू आली, म्हणून वाचली. त्यानंतर कितीतरी दिवस पोळ्या लाटतानाही माझी डावी मूठ आपोआप मिटायची.

गाडी माधवनी स्टँडजवळून ठरवली. किलोमीटरला दीड रुपया, मुक्कामाचे वेगळे. करड्या रंगाची जुनी अँबॅसिडर होती. चालक गुलाबराव, वय चाळिशीच्या आसपास, मूळ अल्लीपूरचेच. गाडी त्यांची स्वतःची. रोज सकाळी अल्लीपूरहून वर्ध्याला यायचे, भाडी करायचे, संध्याकाळी परत जायचे. सात म्हणजे सातला ते दारात उभे होते. पांढरा सदरा, पायजमा, दाढी नुकतीच केलेली. बोलणं अगदी कमी.

मागचं दार त्यांनी उघडलं आणि मी थांबले. मागच्या सीटवर, चालकाच्या पाठीमागच्या जागी, एक लाकडी खुर्ची बसवलेली होती. लहान मुलाच्या मापाची, सागवानी, उंच पाठीची. दोन्ही बाजूंना हात आणि समोर आडवी दांडी. खाली ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने पक्की केली होती. पलंगाला लावतात तसल्या नवारीचे दोन पट्टे खांद्यांवरून आणि एक कमरेवरून जात होता. तिन्हींचं बक्कल खुर्चीच्या मागे होतं, बसलेल्या मुलाचा हात पोचणार नाही असं. पट्टे धुतलेले होते, आणि खुर्चीत कोणी नसतानाही आवळून लावलेले.

"बाई, पोट्टीले यात बसवा," गुलाबराव म्हणाले.

"तिला बांधलेलं चालत नाही," मी म्हटलं. "मी मांडीवर घेते."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. "बरं," म्हणाले आणि दार लावलं. लावून पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि तळव्याने आत दाबून पाहिलं.

वर्धा ते आर्वी साधारण पंचावन्न किलोमीटर. आंजी, खरांगणा करत रस्ता जातो. तेव्हा एकेरी डांबर होतं. समोरून ट्रक आला की एक चाक मुरमात उतरवायचं. आता रस्ता रुंद झालाय, पण जायचे दिवस मी तेच सांगेन, फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात. कापूस घरात आलेला असतो, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. खरांगण्याच्या पुढे सागाची पानं गळून जंगल आरपार दिसतं आणि मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा. उन्हाला अजून धार नसते. पाणी मात्र घरून घ्या.

गाव मागे पडलं तेव्हा गुलाबराव आरशात न बघता म्हणाले, "आता चप्पल काढन. उजवी."

मी मनूकडे पाहिलं. ती शांत होती. मग तिने उजवा पाय पुढे केला, टाचेने टाच दाबून चप्पल काढली आणि पायाने लांब ढकलून दिली.

माधव हसले. "तुम्हाले कसं समजलं?"

गुलाबरावांनी गिअर बदलला. थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी मांगन. देजो, पन पिणार नाई."

मनूने पाणी मागितलं. पेला तोंडाला लावला आणि पाणी न पिता माझ्याकडे परत दिला.

आंजीच्या आधी ते म्हणाले, "आता दाराकडे जाईन. जाऊ द्या." आणि मनू माझ्या मांडीवरून घसरून दाराकडे गेलीच. मी तिला धरायला वाकले आणि माझं लक्ष दाराकडे गेलं. आतून उघडायची दांडी तिथे नव्हती. जिथे ती असते तिथे स्क्रूचं नुसतं टोक होतं. काच वरखाली करायचा हँडलही नव्हता. मी पलीकडच्या दाराकडे पाहिलं. तिथेही नाही.

"दांड्या काऊन काढल्या?" माधवनी विचारलं.

"मांगं लेकरं असतात," गुलाबराव म्हणाले.

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एका अनोळखी माणसाने आतून न उघडणाऱ्या गाडीत मला आणि माझ्या मुलीला बसवलं होतं, आणि माझी मुलगी पुढच्या क्षणी काय करणार ते त्याला माझ्याआधी कळत होतं. गाडीत दोन आरसे होते. एक नेहमीचा. दुसरा लहान, दाढीचा असतो तसा, टपाला चिकटवलेला. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता. त्यात ती लाकडी खुर्ची दिसत होती. गुलाबराव दर थोड्या वेळाने त्या आरशात बघायचे. रिकाम्या खुर्चीकडे.

आर्वीला पोचेपर्यंत मनूने मला दोनदा चावा घेतला. माझे खांदे भरून आले होते. गाडी थांबल्यावरही मी आत तशीच बसून राहिले, कारण दार त्यांनी येऊन उघडेपर्यंत दुसरं काही करता येत नव्हतं.

आत्याबाईंचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पासष्टीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. जेवायला पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, सांबारवडी. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर हे नवख्यांनी लक्षात ठेवावं, नाहीतर माझ्यासारखं ताटात आमटी शोधत बसाल. आर्वीत कोणाकडे ओळख नसेल तर एसटी डेपोच्या बाजूला सकाळी तर्री-पोहे मिळतात, तेही खाऊन बघा.

पत्रिका दिल्या, अक्षता दिल्या. आत्याबाईंनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं आणि त्यांचा हात कपाळावरून हळूच खाली आला.

"त्या अल्लीपूरवाल्याची गाडी केली का? अन् लेकरू घेऊन आले त्याच्यात?"

"का हो आत्याबाई? माणूस चांगला वाटतो," माधव म्हणाले.

"माणूस चांगलाच हाये. पन त्याच्या गाडीत लेकरं गुमसुम होतात म्हणते लोक. जाताना कल्ला करत जाते अन् उतरते तं शब्द नाई तोंडातून. आमच्या शेजारच्याईचं पोट्टं असंच उतरलं होतं. दोन घंटे बोललं नाई."

"दमलं असेल."

"दमलं असन बाप्पा. मी काय म्हनतो? अन् त्याच्या घरी जाऊ नको सूनबाई. लेकरू घेऊन तं नाईच."

"काय आहे घरी?"

आत्याबाईंनी मीठ-मिरच्या आणून मनूवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका आला नाही. नजर असली की ठसका येत नाही, असं म्हणतात. मी नाशिकला पदवीधर झालेली, असल्या गोष्टींना हसणारी. त्या दिवशी हसले नाही.

मुक्काम तिथेच झाला. गुलाबराव जेवायला आत आले नाहीत. ताट बाहेर दिलं ते ओट्यावर बसून जेवले. सकाळी आम्ही निघालो तेव्हा पट्टे ओलसर दिसले. त्यांनी धुतले असावेत.

"घरी लवकर पोचलं पाह्यजे," गाडी सुरू करताना ते म्हणाले. "काल घरी नोतो. थे जेवली नसन."

ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा पल्ला मोठा. आर्वीहून परत वर्धा, आणि वर्ध्याच्या दक्षिणेला हिंगणघाटच्या अंगाने अल्लीपूर. असं दोन्ही टोकांना एकाच दिवशी जाऊ नका, मुलं सोबत असतील तर मुळीच नको. आम्हाला सुट्टी नव्हती म्हणून गेलो.

मनू पहिल्या दहा मिनिटांतच ताठ झाली. मी तिला दोन्ही हातांनी कमरेभोवती आवळून धरलं होतं. सागाच्या जंगलात एका वळणावर डावीकडून बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला. गुलाबरावांनी ब्रेक दाबला. गाडी फार वेगात नव्हती. पण माझे हात, ज्यांच्यावर माझा एवढा भरवसा होता, ते माझे राहिलेच नाहीत. मी पुढे आदळले. मनू माझ्या मिठीतून अशी निघून गेली की जणू मी तिला धरलंच नव्हतं. ती पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली आणि खाली, पायांच्या जागेत जाऊन पडली.

ओठ फुटला होता. दातांतून रक्त येत होतं. ती एवढ्या जोरात रडली की मला बरं वाटलं. माझ्या दोन बांगड्या फुटून मनगटात काच घुसली होती, ते मला नंतर कळलं.

गुलाबरावांनी गाडी कडेला घेतली, उतरले, माझं दार उघडलं. माधवनी मनूला बाहेर काढलं. रुमाल ओला करून ओठाला लावला. बकऱ्या निघून गेल्या. मग रस्त्यावर आवाज म्हणून उरला नाही. वाळलेली सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, तेवढाच.

"हाताचं काई खरं नसते बाई," गुलाबराव म्हणाले. रागाने नाही, एखादा पत्ता सांगावा तसं.

मी म्हटलं, "बसवा तिला खुर्चीत."

बसवणं सोपं नव्हतं. पट्टा दिसताच मनूने अंग ताणलं. मी ओरडले. मग पर्समधून लिमलेटची गोळी काढली. गुलाबरावांनी हाताने थांबवलं.

"रागावू नका तिले. गोळीबी देऊ नका. दोन्हीचा भाव तिले समजते, मंग रोज तेच मांगन."

"मग काय करायचं?"

"काईच नाई. गाडी तवाच चालन, जवा थे बसन. एवढं तिले एक डाव सांगा. मंग गप बसा."

मी सांगितलं. मनू रस्त्याच्या कडेला पालथी पडली आणि पाय आपटत रडू लागली. गुलाबराव पळसाखाली उकिडवे बसले. माधव घड्याळ बघत होते, ते त्यांनी मनगटावरून काढून खिशात टाकलं. आम्ही तिघं मोठी माणसं त्या उजाड जंगलात काहीही न करता बसलो होतो. एक एसटी गेली. आतली माणसं माना वळवून आमच्याकडे बघत गेली. गुलाबराव हळूच म्हणाले, "आता आवाज मोठा होईन. मंग एकदम कमी." आणि आवाज मोठा झाला, मग एकदम कमी झाला. ती उठून बसली. नाक पुसलं.

गुलाबराव तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "मनूबाई, पयले कोनता पट्टा लावू? उजवा का डावा?"

मनूने विचार केला. "हा," ती म्हणाली.

"आता तुले एक काम. मांगून गाडी आली का सांगजो मले. मले दिसत नाई."

तिला बसवलं. बक्कल लागलं. गाडी निघाली. मनूने एकदा पट्टा ओढून पाहिला, एकदा मागच्या काचेकडे मान वळवली, "ट्रक आला," म्हणाली. मग गप्प झाली.

ती गप्प झाली आणि मला आत्याबाईंचे शब्द आठवले. मनू खिडकीबाहेर बघत होती. डोळे मोठे, तोंड किंचित उघडं. मी हाक मारली तर उत्तर दिलं नाही. खरांगणा गेलं, आंजी गेली. साडेतीन वर्षांत मी तिला इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. "आता कान चोळन," गुलाबराव म्हणाले, आणि तिचा हात कानाकडे गेला. पाळी चोळत चोळत ती झोपली.

याचं साधं कारण मला नंतर कळलं. घरी येऊन मी तिला जमिनीवर बसवून तिच्या डोळ्यांची उंची मोजली. गाडीच्या सीटवर बसलेल्या एवढ्या मुलाला पुढच्या सीटची पाठ दिसते आणि वर थोडं आभाळ. बाकी काही नाही. ती खुर्ची वीतभर उंच होती. तिथून शेतं दिसतात, बैल दिसतात, माणसं दिसतात. मूल बघत बसतं. पण हे मला त्या गाडीत माहीत नव्हतं. तिथे मला एवढंच दिसत होतं की लहान आरशात गुलाबरावांचे डोळे आहेत, आणि खुर्ची आता रिकामी नाही.

अल्लीपूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मोठं गाव, दुपारचं सामसूम. चुलत सासऱ्यांकडे पत्रिका दिली, चहा झाला. निघताना गुलाबराव माधवना म्हणाले, "पाच मिनिटं घरी जातो सर. माहं घर वाटेवरच हाये. बाईनं अन् लेकरानं पाणी घ्यावं."

मी माधवकडे पाहिलं. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

विटांचं नीटनेटकं घर, समोर सारवलेलं अंगण. ओसरीवर एक लाकडी खुर्ची होती. तीच घडण, तीच उंच पाठ, समोर आडवी दांडी, नवारीचे पट्टे. फक्त मोठी. त्यात एक मुलगी बसली होती. बारा-तेरा वर्षांची असावी. दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात बाहुलीला असतो तसा फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक. पाय जमिनीला सहज टेकत होते.

गुलाबरावांना बघून ती हसली आणि भरल्या अंगाच्या बाईच्या आवाजात म्हणाली, "बाबा आला. बाबा टाटा गेलता."

मनू माझ्या कडेवर होती. ती खाली उतरायला धडपडली म्हणून मी तिला ओसरीच्या कडेला बसवलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मनूने उजवा पाय पुढे केला आणि टाचेने चप्पल काढली. त्याच क्षणी, मनूकडे न बघता, त्या मुलीनेही उजवा पाय पुढे केला, टाचेने चप्पल काढली आणि लांब ढकलली. नक्कल नव्हती ती. एकच गोष्ट दोन अंगांत एकाच वेळी झाली होती. मनूने पाणी मागितलं. मुलीने मागितलं. दोघींनी पेला ओठाला लावून परत दिला.

पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मनू वाढेल, उंच होईल, वेण्या येतील, आणि तरीही टाचेने चप्पल काढत राहील. असं काहीतरी मला दिसलं. मला तिला उचलून पळत सुटायचं होतं.

आतून गुलाबरावांच्या पत्नी आल्या. गिरजाबाई. सडपातळ, केस लवकर पिकलेले.

"घाबरू नका बाई," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांना सवयीने कळलं असणार. "मारत नाई, चावत नाई. शेवंता नाव तिचं. तेरावं सरलं. तीन वर्षाची होती तवा गाडीतून पडली. तवापासून तीनचीच हाये."

त्या माझ्या शेजारी टेकल्या आणि शेवंताच्या फ्रॉकवरचे भाकरीचे तुकडे झटकत सांगू लागल्या.

"गाडी मालकाची होती. हे चालवत होते. मी मांगं बसली, थे माह्या मांडीवर. अशी धरली होती, दोन्ही हातानं. काई आडवं आलं, यायनं बिरेक मारला, दार उघडलं. हात गरमच होते माहे, बाई. पोट्टी नोती."

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. गुलाबराव तिकडे बघत उभे होते.

"नागपूरले नेलतं. हाडं जुळली. डोक्यातलं वाढन का नाई, थे सांगता येत नाई म्हणे डाक्टर." त्यांनी माझ्या मनगटावरची काच लागलेली जागा पाहिली. "लोक म्हणते, आईच्या हातातून लेकरू सुटत नाई. मीबी पयले तेच म्हणो."

तेवढ्यात शेवंताने हात लांब केला आणि मनूचं मनगट पकडलं. पकड मोठ्या मुलीची होती. मनूचा हात पांढरा पडला. "सोड गं," मी म्हटलं. शेवंता माझ्याकडे बघून हसली आणि आणखी आवळलं. "हे माहं," ती म्हणाली. मी दोन्ही हातांनी तिची बोटं सोडवू लागले. एकही बोट हललं नाही. मनू रडत नव्हती. ती शेवंताकडे बघत होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा कान चोळत होती. शेवंताचा दुसरा हातही तिच्या कानाशी होता.

"ओढू नका बाई," गुलाबराव मागून म्हणाले. "ओढलं का आवळते. शेवंते, बाबाची टोपी कोठी हाये? पाह्य बरं."

शेवंताने मनगट सोडलं आणि आजूबाजूला टोपी शोधू लागली. मी मनूला उचललं. तिच्या मनगटावर चार बोटांच्या खुणा होत्या, आतून बाहेर उमटाव्यात तशा.

आम्ही निघालो. शेवंताने मनूकडे बघून हात हलवला, सगळी बोटं एकदम मिटत आणि उघडत, एवढी मुलं हलवतात तसा. मनूनेही तसाच हलवला.

गाडीत मनू स्वतः खुर्चीपाशी गेली. बक्कल मी लावलं. गुलाबरावांनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

वर्धा जवळ आल्यावर माधवनी विचारलं, "तुम्ही आमच्या मनूचं सगळं आधीच कसं सांगत होते?"

"रोज पाह्यतो सर," गुलाबराव म्हणाले. "दहा साल झाले. तीन वर्षाच्या लेकराचं मले सगळं पाठ हाये. चौथ्या वर्षाचं विचाराल तं काई सांगता येणार नाई."

संध्याकाळी पाचच्या सुमारास घरी पोचलो. गुलाबरावांनी ठरलेल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. मनूला उतरवून तिचं बोट माझ्या हातात दिलं आणि गाडी वळवली. त्यांना मी पुन्हा भेटले नाही. पुढच्या वर्षी आमची बदली झाली.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. रस्ते आता चांगले आहेत, म्हणजे गाड्या वेगात जातात. मुलाला मांडीवर घेऊ नका, कितीही रडलं तरी. ते रडतं, थकतं, आणि थांबतं. तुम्ही थांबायची तयारी ठेवा. त्याला बाहेरचं दिसू द्या, हाताला काम द्या, कुठला पट्टा आधी ते त्याला ठरवू द्या. हे सगळं हल्लीच्या पुस्तकांत असेल. मला ते सागाच्या जंगलात उकिडवं बसलेल्या एका माणसाने शिकवलं, आणि त्याला ते कशामुळे येत होतं हे आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

त्या पावसाळ्याच्या आधी मनूचे तिन्ही फ्रॉक आखूड झाले. सासूबाई म्हणाल्या, "ही पोट्टी ताडासारखी वाढून राह्यली. कापड पुरत नाई हिले." मी दारात बसून फ्रॉकची खालची दुमड उसवत होते. आत दोन बोटं कापड शिल्लक होतं. तेही मी सगळं सोडलं, आणि सासूबाईंना म्हटलं, "नाही पुरलं तर न पुरू दे."